सोय लागलेली माणसं, न लागलेली माणसं

कोल्हापूरहून मिरजेकडं जाणारी पॅसेंजर गुळ मार्केट सोडून पुढं निघाली की वळिवडे लागतं. स्टेशन लहान आहे. इथं उतरणाऱ्यांच्या हातात बहुतेक रिकाम्या पिशव्या असतात आणि परतीच्या गाडीला त्याच पिशव्या दोघांनी धरून चढवाव्या लागतात. वळिवड्याला लागून गांधीनगर आहे आणि गांधीनगर म्हणजे कापड. कोकणातून, बेळगाव-निपाणीकडून, सांगलीकडून माणसं लग्नाचा बस्ता बांधायला इथं येतात. आमच्या घरातले सगळे बस्ते इथंच बांधले गेले. आत्या पुढं, आम्ही पोरं मागं. दुकानदार गादीवर मांडी घालून बसलेला असायचा. 'ताई, मानपानाच्या आधी काढू का नवरीच्या?' असं तो आमच्यासारख्याच मराठीत विचारायचा, साडीची घडी एका झटक्यात उलगडायचा आणि मान न वळवता मागच्या पोराला सिंधीत काहीतरी सांगायचा. पोरगं माळ्यावर चढायचं. आत्या पदर उजेडाकडं धरून बघायची, दर पाडून मागायची, उठून जायचं नाटक करायची आणि दुकानदार तिला 'बसा हो ताई' म्हणून पुन्हा बसवायचा.

ही माणसं कायमची इथलीच, असंच मला लहानपणी वाटायचं. माणूस जिथं दिसतो तिथलाच असतो, अशी लहानपणी आपली समजूत असते. पुढं कधीतरी कळलं की या दुकानांच्या जागी आधी बराकी होत्या, आणि त्या बराकी सिंधी माणसांसाठी बांधलेल्याच नव्हत्या. त्या पोलंडच्या माणसांसाठी बांधल्या होत्या.

1943 ते 1948 या काळात वळिवड्याला पंचगंगेच्या काठावर सुमारे 5,000 पोलिश माणसं राहत होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं बसवली जायची. मुलं नदीवर पोहायला जायची. ती सगळी पोलंडच्या पूर्वेकडच्या मुलखातली होती. 1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि 17 सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत आल्या. पुढच्या दोन वर्षांत त्या पूर्व भागातली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरियाला, कझाकस्तानला पाठवली गेली. 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि या कैद्यांना सोडण्याचं ठरलं. 1942 मध्ये त्यांतली लाखावर माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. पुरुष बरेचसे सैन्यात गेले. बायकापोरांचं काय करायचं हा प्रश्न उरला. कुणी आफ्रिकेत गेले, कुणी मेक्सिकोला, कुणी न्यूझीलंडला. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला अनाथ मुलांना आसरा दिला, आणि भारतातली सर्वांत मोठी छावणी आमच्या वळिवड्याला उभी राहिली. इराणातून बोटीनं कराची, कराचीहून पुढं इकडं, असा त्यांचा रस्ता.

ही माणसं इथं थांबली ती परत जाण्यासाठी, आणि ती इथं असतानाच त्यांची परत जायची जागा नाहीशी झाली. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन या तिघा बड्या नेत्यांनी पोलंडची पूर्व सरहद्द पश्चिमेकडं सरकवली. त्याच्या बदल्यात जर्मनीचा पूर्वेकडचा मुलूख पोलंडला जोडला गेला. पूर्वेला साधारण 1 लाख 80 हजार चौरस किलोमीटर गेले, पश्चिमेला 1 लाखाच्या आसपास मिळाले. देशच्या देश उचलून पश्चिमेला ठेवला गेला. ल्वुव शहर सोव्हिएत युक्रेनमध्ये गेलं, तिथले प्राध्यापक आणि ग्रंथालयातली पुस्तकं, जमेल तेवढी, व्रोत्सवाफला आणली गेली. त्या व्रोत्सवाफमध्ये आदल्या वर्षापर्यंत जर्मन राहत होते आणि त्याचं नाव ब्रेसलाऊ होतं. जर्मनांना तिथून हाकललं गेलं. युद्धाआधीच्या पोलंडमध्ये दर तिघांतला जवळजवळ एक जण युक्रेनियन, ज्यू, बेलारूसी किंवा जर्मन असायचा. 30 लाखांच्या आसपास ज्यू मारले गेले, बाकीचे हद्दीबाहेर राहिले किंवा घालवले गेले, आणि दहा वर्षांच्या आत तो देश जवळपास एकाच भाषेचा, एकाच धर्माचा झाला.

वळिवड्यातली एखादी आई आपल्या पोराला गावचं घर, विहीर, सफरचंदाची झाडं यांच्या गोष्टी सांगत असेल, तेव्हा ते गाव दुसऱ्या देशात जमा झालेलं होतं. घर जागेवर होतं, विहीर जागेवर होती. तिथून देश निघून गेला होता. त्यामुळं छावणी मोडल्यावर परत गेले थोडे. बहुतेक जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. पुढं म्हातारपणी ही माणसं कोल्हापूरला येत राहिली, स्वतःला 'वळिवड्याचे' म्हणवत राहिली. महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सामध्ये वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे. पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरचं नाव दगडात कोरलेलं आहे, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना महावीर गार्डनमधला तो स्तंभ कशाचा हे सांगता येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पोलिश माणसं गेली आणि बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. 1947 ला पंजाब आणि बंगाल निदान अर्धे अर्धे झाले. सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळं पंजाब्याला, बंगाल्याला भारतात आपल्या नावाचा, आपल्या भाषेचा थोडा तरी मुलूख राहिला, सिंधी हिंदूला काहीच राहिलं नाही. दहा-बारा लाख माणसं निघाली, त्यांतली पुष्कळ कराची बंदरातून बोटीनं. म्हणजे ज्या कराचीतून पोलिश बायकापोरं वळिवड्याला आली, त्याच कराचीतून पाच वर्षांनी सिंधी कुटुंबं निघाली आणि त्याच बराकींत येऊन राहिली. तिकडं कल्याणजवळ लष्कराच्या रिकाम्या छावणीत उल्हासनगर झालं, इकडं वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं. बराकीच्या पुढच्या खोलीत दुकान आणि मागं संसार. डोक्यावर कापडाचं गाठोडं घेऊन गावोगाव फिरणारे त्यांच्यातले म्हातारे माझ्या आजीला आठवायचे. उधारीवर कापड द्यायचे आणि सुगीला पैसे घ्यायला यायचे, वहीत काय लिहिलंय ते आजीला वाचता यायचं नाही, पण हिशोब कधी चुकला नाही, असं ती सांगायची.

या दोन्ही गोष्टींत मला एक धागा दिसतो. माणसांना उठवलं कुणीतरी दूर बसलेल्यानं, कागदावर रेघ मारून. त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता. पण ती ज्या ठिकाणी पोचली तिथं कुणीतरी काहीतरी मांडून ठेवलेलं होतं. डोक्यावर छप्पर, पोरांना शाळा, जवळ रेल्वे, धंद्याला जागा. तेवढ्यावर त्यांनी पुढचं स्वतः केलं. माणसं हलणार, ती नेहमीच हलत आली आहेत. त्यांना हलवणारा जो कोण असतो, राजा, सरकार, बाजार, त्यानं पलीकडच्या टोकाला काय ठेवलं यावर त्यांचं पुढं काय होतं ते ठरतं. आपण त्याला नशीब म्हणतो, नाहीतर 'त्यांची जातच धंद्याची' म्हणतो, आणि दोन्ही म्हणणी चूक आहेत.

कोल्हापूरला हे शिकायला बाहेर जायची गरज नाही. हे शहर अशाच निर्णयांनी घडलं आहे. 1891 ला रेल्वे आली, 1894 ला शाहू महाराजांच्या हाती कारभार आला आणि पुढच्याच वर्षी स्टेशनजवळ शाहूपुरीची पेठ वसवली गेली. व्यापारी आणून बसवले, गुळाचा बाजार उभा राहिला. ज्याच्या गुऱ्हाळाला आठवड्याच्या बाजाराशिवाय गिऱ्हाईक नव्हतं त्याच्या गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, रेल्वेनं देशभरचं गिऱ्हाईक मिळालं. मग पाणी. राधानगरीचं धरण महाराजांनी सुरू केलं, पहिल्या महायुद्धाच्या काळात काम अडलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. पण सह्याद्रीत पाणी अडवायचं आणि नदीतूनच खाली सोडायचं हा नकाशा तेव्हाच ठरला होता. त्याच नदीवर ठिकठिकाणी फळ्या टाकून पाणी अडवणारे बंधारे आले. महाराष्ट्रभर त्यांना आजही कोल्हापूर पद्धतीचे बंधारेच म्हणतात. त्या पाण्यावर ऊस आला, उसावर सहकारी कारखाने आले, कारखान्यांवर शाळा, कॉलेजं, दूध संघ, पुढारी, सगळं आलं. पंचगंगेकाठच्या करवीर, हातकणंगले, शिरोळकडच्या माणसाला गाव सोडावं लागलं नाही. उलट दुसरे त्याच्याकडं आले.

आणि 1901 ला बोर्डिंगं, म्हणजे मुलांची वसतिगृहं, सुरू झाली. मराठ्यांचं झालं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क, असं करत शहर बोर्डिंगांनी भरलं. 1902 मध्ये निम्म्या नोकऱ्या मागासांना राखून ठेवण्याचा हुकूम निघाला तेव्हा त्या नोकऱ्यांसाठी शिकलेली पोरं लागणार होती, आणि गावाकडचं पोर शिकायचं तर त्याला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागणार होतं. आरक्षणाबद्दल आपण रोज बोलतो. बोर्डिंगांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला विचाराल तर पोरांना गावाहून शहरात आणणारी खरी गोष्ट तीच होती. दसरा चौकातून जाताना आजही त्या इमारती दिसतात आणि त्यांच्या पुढून वाहनं जात राहतात.

पण हा जिल्हा सगळा पंचगंगेकाठचा नाही. आम्ही मूळचे आजरा तालुक्यातले. पाऊस एवढा की जूनपासून चार महिने घोंगडं आणि इरलं उतरत नसे, आणि मार्च आला की विहिरीचा तळ दिसे. घनसाळ भाताचा वास गावभर, पण पीक वर्षातून एकच. तेवढ्यावर घर चालत नव्हतं, म्हणून आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लजच्या बापयांनी मुंबई धरली. पाणी आमच्या डोंगरात पडायचं, त्याचं काय करायचं हा निर्णय आमच्यासाठी फार उशिरा झाला. तोवर गिरणी हाच आमचा पाटबंधारा होता.

माझे थोरले चुलते लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. परळला गावच्या मंडळाची खोली होती. एका खोलीत गावची पंचवीस-तीस माणसं, प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक भिंतीच्या फळीवर, आणि पाळीप्रमाणं झोप. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठायचा, वळकटी तीच. खानावळवाली बाई गावाकडचीच. महिन्याला मनिऑर्डर यायची आणि तिच्या पावतीवर दोन ओळी लिहिलेल्या असायच्या, तेवढंच पत्र. काकी ती पावती पोस्टमनकडूनच वाचून घ्यायची. शेत, म्हस, सासू-सासरे, चार पोरं, सगळं तिनं एकटीनं ओढलं. गणपतीला आणि शिमग्याला तात्या यायचे. गावात वर्षभर म्हातारी, बाया आणि पोरं. तालुक्यातली कितीतरी गावं दोन पिढ्या अशीच जगली. माणसाचं घर एकीकडं आणि जन्माचं काम दुसरीकडं, आणि मधल्या अंतराची कुणी दखलच घेतली नाही.

18 जानेवारी 1982 ला संप झाला. अडीच लाख कामगार. तो कधी रीतसर मिटलाच नाही. तात्या पहिले काही महिने खोलीत थांबले, मग ट्रंक घेऊन गावी आले. 'महिन्याभरात बोलावतील' असं ते वर्षभर म्हणत होते. गिरण्या चालवण्यापेक्षा जमीन विकणं फायद्याचं आहे हे मालकांना कळलं, 1991 मध्ये जमीन वापराचे नियम बदलले आणि जिथं साचे धडधडायचे तिथं मॉल आणि मनोरे उभे राहिले. तात्यांच्या पिढीला त्या टोकालाही काही राहिलं नाही आणि या टोकालाही नव्हतं. त्यांच्या सहा-सात एकर माळातून पोरांचं भागणार नव्हतं. एक पोरगा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर लागला, दुसरा फौंड्रीत, तिसरा पुण्याला गेला. तात्या आता नाहीत. काकीनं त्यांचा गिरणीचा पास आणि तिकीट नंबराचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. गिरणी कामगारांना घरं मिळणार म्हणून म्हाडाचे अर्ज भरले, गडहिंग्लजला मेळावा असला की ती पिशवी घेऊन एसटीनं जाते. लॉटरीत नंबर लागला नाही. मुंबईत जाऊन राहायचं वय तिचं राहिलेलं नाही, हे तिलाही माहीत आहे. पण त्या शहरात आपल्या माणसाचं काहीतरी येणं आहे, एवढं तिचं पक्कं आहे, आणि माझ्या मते ती बरोबर आहे.

चंदगडची कथा आणखी वेगळी. 1956 पर्यंत तो तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड इकडं राहिलं. तेव्हापासून कचेरीचं काम असलं की शंभरावर किलोमीटरवर कोल्हापूर, आणि बाजार, दवाखाना, कापडचोपड असलं की तासाभरावर बेळगाव. माझं आजोळ तिकडचं. मामी बेळगावच्या दवाखान्यात बाळंत झाली, पोराचे दाखले मात्र कोल्हापूरच्या शिक्क्याचे. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सोयरीक आहे. दर 1 नोव्हेंबरला बेळगावात काळा दिन पाळला जातो तेव्हा चंदगडच्या घरांत फोनवर चौकशी सुरू होते, कारण कुणाची तरी बहीण तिकडं असते.

पुण्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांच्या घरात आहे. रविवारी रात्री कावळा नाक्यावर ट्रॅव्हल्सची रांग बघा, एवढंच सांगतो. 1991 नंतर जो बाजार खुला झाला त्यानं कोल्हापूरच्या फौंड्र्यांना परदेशच्या ऑर्डरी दिल्या आणि त्याच घरातल्या शिकलेल्या पोरांना हिंजवडीचा रस्ता दाखवला. फौंड्रीत ओतकामाला आता बिहार, ओडिशाची पोरं आहेत. इचलकरंजीच्या मागावर उत्तर प्रदेशची आहेत. मे 2020 मध्ये कोल्हापूर स्टेशनातून श्रमिक रेल्वे सुटल्या तेव्हा आपल्या भट्ट्यांपुढं, मागांपुढं किती परमुलखातले हात होते हे शहराला पहिल्यांदा नीट दिसलं. गाड्या सुटल्यावर कारखानदारच हवालदिल झाले होते.

यांच्यापेक्षाही जास्त मला बोचते ती ऊसतोडीची टोळी. दसरा-दिवाळी झाली की बीडकडून ट्रॅक्टर येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायला नवराबायको दोघं, म्हणजे एक कोयता. शिरोळपासून कागलपर्यंत रस्त्याच्या कडेला, कारखान्याच्या माळावर खोपी पडतात. पहाटे फडात थंडी अंगात शिरलेली असताना बाई मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते, आणि खोपीत दहा वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळते. मराठवाड्याचं पाणी आणि कोल्हापूरचं पाणी यांतला फरक हाच त्यांना दरवर्षी इथं आणतो. आमच्या तालुक्याला मुंबईनं जसं वापरलं तसंच आपण त्यांना वापरतो आहोत. आमचे बाप परळच्या खोलीत पाळीनं झोपले त्याची आठवण असलेल्या जिल्ह्यानं तरी हे वेगळं करायला हवं होतं.

करता येणार नाही असं काही नाही. पोलंडच्या 5,000 माणसांसाठी, तेही युद्धाच्या धामधुमीत, याच नदीकाठी शाळा आणि दवाखाना उभा राहिला होता. 2021 मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना मंजूर केली. ती त्यांच्या गावाकडची, म्हणजे आईबाप इकडं आणि पोरं तिकडं शाळेत राहावीत म्हणून. चांगलंच आहे. पण जी पोरं आईबरोबर इथं येतातच, त्यांचं इथं काय? कारखान्याच्या शेतकी खात्याकडं प्रत्येक फडाची नोंद असते, उसाची लागण कधीची, जात कुठली, टन किती निघेल, तोड कुठल्या तारखेला. टोळी आल्याच्या दिवशी त्याच वहीत त्या टोळीतल्या मुलांची नावं, वयं आणि इयत्ता लिहून घ्याव्यात, आणि गाळपाचा परवाना देताना साखर आयुक्तांनी ते पान मागावं. एका हंगामात सुरू करता येईल असं हे काम आहे.